पांढऱ्याची दुरुस्ती

मुहर्रकच्या गल्लीत, अत्तरवाल्याला लागून,
आमचं प्रिंटचं दुकान.
अकरा वर्षं मी इथे माणसं उजळ करतो.
डोळ्यांखालची काळी वर्तुळं आधी पुसतो,
मागची भिंत आकाशी करतो,
मग गिऱ्हाईक म्हणतं,
हां, आता झालो मी.

ऑगस्टात हिस्सा आली.
खरंच हेच नाव. आमच्याकडे याचा अर्थ वाटा,
असं सांगितल्यावर हसली, म्हणाली,
मग माझ्या वाट्याचं काम नीट कर.
पेनड्राइव्हवर समुद्राच्या तळाचे चाळीस फोटो.

पहिलाच फोटो मशीनने वाचला
आणि आपलं शहाणपण चालवलं:
उजेड जास्त झालाय, असं परस्पर ठरवून
पांढऱ्यात गुलाबी भरलं, कडेला थोडं जांभळं.
प्रवाळ रुखवतासारखं सजून बाहेर आलं.
मी खुशीत तिच्यासमोर धरलं.
ती म्हणाली, हे तू जिवंत केलंस.
मी मेलेलं आणलं होतं.

दुरुस्ती बंद करायचं बटण सापडेना.
इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं.
मेनूच्या पार तळाशी, राखाडी अक्षरांत होतं.
दाबलं.
प्रिंट सरकत सरकत आला
आणि मला वाटलं, शाई संपली.
संपली नव्हती.
पांढऱ्याला शाई लागतच नाही,
तिथे नुसता कागद उरतो,
फांद्याफांद्यांचा, प्रवाळाच्या आकाराचा कागद.

तेविसाव्या फोटोत वाळू. बाकी काही नाही.
मी म्हटलं, हा तरी झकास आलाय, कण न् कण दिसतोय.
ती गप्प झाली.
मग बापाचा जुना फोटो दाखवला, त्याच जागेचा:
सगळं थरथरलेलं, तेल सांडल्यासारखं.
तळातून गोडं पाणी उसळायचं तिथे,
खाऱ्यात मिसळताना नजर फिरवायचं.
तिचा पणजोबा बुडी मारून
बकरीच्या कातड्यात ते भरून आणायचा,
समुद्राच्या पोटातून प्यायचं पाणी.
आता फोटो स्पष्ट येतो, ती म्हणाली,
तीच तर रड आहे.

लॅमिनेशन नको म्हणाली.
मी धंद्याच्या माणसासारखा बोललो:
बाई, हा माल महिन्यात उडेल.
उडू दे.
मासळीबाजाराच्या बाहेरच्या भिंतीवर लावले आम्ही,
पहाटे चारला, तरी शिडी हाताला पोळत होती.

आधी नारिंगी गेला, माशांच्या अंगावरचा.
मग पिवळा.
पंधरा दिवसांत सगळं निळसर, आजारी.
जाफर हमूर तोलता तोलता रोज वर बघायचा,
एकदा म्हणाला, काल इथे शेपटी होती ना?
तीन माणसं भिंतीशी जाऊन शेपटी शोधू लागली.
बांधकामावरचा रुहुल पांढऱ्यासमोर थांबला,
मला विचारलं, भाई, हा बर्फ कुठला?
मी सांगितलं.
त्याने हात लावून पाहिला,
गारच असेल या आशेने असेल कदाचित.

नंतर एका दुपारी तोच आला दुकानात,
व्हिसाचा फोटो हवा होता, आणि घरी पाठवायला एक मोठा.
साडेबाराची सुट्टी. निळा शर्ट,
छातीवर घामाच्या मिठाच्या रेघा,
भरती कुठवर चढली ते सांगणाऱ्या, एकीवर एक.
बटण अजून बंदच होतं.
प्रिंट हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला.
मीठ दिसतंय, म्हणाला.
हो.
आई बघेल. पूस ना.

मी पुसलं.
रेघ न् रेघ. शर्ट नवा केला,
गालांवर थोडं रक्त भरलं.
पैसे देऊन, सलाम करून गेला.

पहिला प्रिंट ड्रॉवरमध्ये आहे.
हिस्सा आली की द्यायचाय.
काल पुन्हा दिव्याखाली धरून पाहिला:
छातीवर जिथे जिथे मीठ होतं
तिथेही शाई लागलेली नाही.