एक जानेवारी, दोन हजार पाच

हिवाळी सेलमध्ये घेतला, ओउलूला जाऊन,
एकोणऐंशी युरोंत, कापडी पिशवी फुकट.
हौस म्हणून नव्हे.
एका वकिलाच्या गाडीला ओरखडा निघाला
आणि तो म्हणाला, तुमच्याच तराफ्यावर पडलाय.
रस्तेखात्यातून निरोप आला: ओइवा, यापुढे
चढणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो.
आधीचे पोचे आधीच नोंदलेले बरे.

तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्यानं
ना लग्न पाहिलं ना बारसं.
त्यानं बंपर पाहिले,
गंजलेल्या कडा, चिखलानं माखलेल्या नंबरपाट्या,
चिकटपट्टीनं तोलून धरलेला एक आरसा
(तो सलग सहा वर्षं तसाच).

साबणाच्या वडीएवढा जीव.
चालू केला की गुरगुरत नाक बाहेर काढायचा.
नाकावरच्या दोन पात्यांतलं डावं
दुसऱ्याच वर्षी अडकलं, नखानं सरकवावं लागे.
उन्हात पडद्यावर काही म्हणता काही दिसत नसे.
बटण दाबलं की क्षणभर विचार करायचा,
तेवढ्यात लाकडाचा ट्रक पुढे सरके
आणि फोटोत यायचं नुसतं तळं.
अशी दोनशेच्या वर तळी माझ्याकडे आहेत.
पाण्यावरच्या ओरखड्यांची तक्रार
अजून कोणी केलेली नाही.

उणे वीसला सेल मान टाकायचे.
काखेत धरून ऊब दिली
की आणखी चार गाड्या निघत.

मग त्याच्या पोटातलं घड्याळ मेलं.
सेल बदलले की विचारायचा: आज तारीख काय?
सुरुवातीला सांगत होतो.
पुढे त्यासाठी हातमोजा काढायचा कंटाळा आला.
म्हटलं, राहू दे बाबा, तुला वाटेल ती.
तेव्हापासून एक जानेवारी, दोन हजार पाच.
टपावर ब्लूबेरीच्या बादल्या: एक जानेवारी.
मध्यग्रीष्माच्या सणाला बॉनेटवर बांधलेल्या
हिरव्यागार भूर्जाच्या डहाळ्या: एक जानेवारी.
ट्रेलरबाहेर लोंबणारं शिकारीतलं सांबर,
त्याच्या शिंगाला कुणीतरी अडकवलेली लोकरी टोपी:
तीच तारीख, कोपऱ्यात नारिंगी.

गेल्या शरदात पूल झाला.
दोर गुंडाळला, तराफा ओढून नेला.
ग्रंथालयातली हेल्का म्हणाली,
प्रदर्शन मांडतेय, तुमचा एखादा फोटो द्या ना,
कामावरचा.
मी आठही कार्डं पालथी घातली.
अकरा हजार गाड्या. मी कुठेच नाही.
असणार कसा? पलीकडे उभा होतो ना.

तिसऱ्या रात्री चष्मा बदलून बसलो
तेव्हा एका काळ्या व्होल्वोच्या दारात
कुणीतरी दिसलं: पिवळं जाकीट,
नासपतीसारखं फुगलेलं, डोकं इवलंसं,
डोळ्यांच्या जागी फ्लॅशचा डाग.
मग पुढच्या दारातही. त्याच्या पुढच्याही.
बारा वर्षं गाड्यांच्या अंगावर
मी म्हातारा होत होतो
एकाच दिवशी.

आणि माझ्या खांद्यामागे, दर दोन-चार दारांआड,
एक बुटकी सावली, हातात थर्मास.

ताइमी.

आमचा जुना वाद आहे.
मी म्हणतो, कंबर मोडल्यावर तू धक्क्यावर यायचं सोडलंस,
वेलचीचा पाव मीच डब्यातून नेत होतो.
ती म्हणते, वेड्या, शेवटच्या फेरीपर्यंत येत होते,
तू पाठमोरा असायचास.
तिला बोलावलं, पडदा दाखवला.
बघ, म्हणाली.
मी म्हटलं, पण हे कुठलं साल?
दोघांनी मिळून कोपऱ्यातलं नारिंगी वाचलं.

"म्हणजे नववर्षालाही आणली होती," ती म्हणाली,
आणि फडताळातून तो थर्मास काढून
त्याच्या बुडाचा पोचा माझ्या नाकासमोर धरला.
हा तुझ्याच तराफ्यावर पडलेला.

मी सगळी कार्डं पुन्हा पाहिली.
त्याचा फोटो नाही.