हाकेला ओ

ऑक्टोबरात मेंढ्या खाली गेल्या, त्यांच्यामागे माणसं.
खिंडीवर बर्फ बसलं की तुशेतीत उरतात
चार-पाच धुरांडी, दोन कुत्री, एक घोडा
आणि टेकाडावरचा टॉवर.
मी शेते, त्याचा राखणदार म्हणा.
सौर पाट्यांवरचं बर्फ झाडतो,
बॅटऱ्यांवर जुनं घोंगडं टाकतो.

म्झेकालाने विचारलं, "हे चालतं कसं?"
ऐंशी उलटलेली. हाताला चीजचा वास.
मी पुस्तकातलं सांगायला लागलो.
"थांब," ती म्हणाली, "माणसांचं सांग."

बरं. दरीपलीकडच्या मेंढपाळाशी तू कशी बोलायचीस?
"आधी हाक. ऐकतोस का रे?
तो म्हणायचा, ऐकतोय. तू ऐकतेस का?
मी म्हणायची, ऐकतेय.
मग बोलणं. त्याआधी बोललेलं सगळं वाऱ्याचं."
झालं तर. यंत्रंही एवढंच करतात,
एकमेकांचं तोंड न पाहिलेली,
हाक, ओ, आणि ओ ला ओ.

पत्र मात्र अख्खं जात नाही.
त्याचे तुकडे होतात, प्रत्येकावर आकडा,
एक या खिंडीतून, एक नदीकाठानं.
सातवा आधी पोचतो, तिसरा वाटेत मरतो.
पलीकडचा मोजतो: एक, दोन, चार... तीन कुठाय?
पोच येत नाही, म्हणून तिसरा पुन्हा निघतो.
"कळपच की," ती म्हणाली.
"तिन्हीसांजेला मोजायचा,
एक कमी भरलं की कंदील घेऊन माघारी."
हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि वाट चुकलेला? जन्मभर फिरतो?"
नाही. निघतानाच त्याच्या कपाळी आकडा असतो,
चौसष्ट धर. दर नाक्यावर एक उणा.
शून्य झालं की तिथला नाकेदार त्याला टाकून देतो
आणि बहुधा पाठवणाऱ्याला कळवतो:
तुमचं इथवर आलं होतं. इथे संपलं.

ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली.
ब्याण्णव साली तिचा पुतण्या सुखुमीकडे गेला होता.
"निदान कळवतो तरी," ती म्हणाली.

जानेवारीत तीन दिवस आभाळ उतरलं.
टपालाचा छोटा सर्व्हर मी हौसेनं टॉवरखालच्या खोक्यात बसवला होता,
तो मुका झाला.
तिबिलिसीचा सर्व्हर अर्ध्या तासानं हाक मारी,
मग तासानं, मग चार तासांनी.
पाच दिवसांचा त्याचा धीर, मग तो पत्र परत करतो.
चौथ्या दिवशी दुपारी मी कमरभर बर्फातून वर गेलो,
पाट्या उघड्या केल्या, खोक्याशी उकिडवा बसलो,
बोटं काखेत घालून.

हिरवा दिवा. मग पडद्यावर तिबिलिसीचा नमस्कार,
त्यांच्या बोलीत हॅलोतला एक ल गाळलेला,
चार अक्षरांत बसावा म्हणून.
कोणाकडून? अल्वानीच्या इमेदाकडून. ठीक.
कोणासाठी? म्झेकालासाठी. ठीक.
सांगा.
सांगून झालं, आणि शेवटच्या ओळीवर एकटा ठिपका.
त्या ठिपक्याचा अर्थ, आता माझं काही उरलं नाही.
दोनशे पन्नास, खोक्यानं म्हटलं. मिळालं.

मी धावत खाली आलो, म्हणजे दोनदा पडलो.
तिनं चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता.
"आई, खालच्या घरच्या गोठ्याची किल्ली कुठे ठेवलीस?"
बस्स. तब्येतीची चौकशीसुद्धा नाही.
मी शिवी गिळली.
ती मात्र लगेच एका बोटानं टाइप करायला बसली,
एकेक अक्षर दाणे निवडल्यासारखं:
दाराच्या डाव्या हाताला. तिसरा दगड. कुलूप अडतं, तेल घाल.

पाठवलं. ती उठून खिडकीशी गेली
आणि दरीकडे कान लावून उभी राहिली, जुन्या सवयीनं.
"पोचलं," मी म्हणालो. "ओ आली."
"शेवटी ठिपका दिलास ना?"
तो यंत्रच देतं, मी म्हणालो.
"तरी बघ एकदा," ती म्हणाली.