रात्रपाळीचा सल्ला
(बुएनोस आयरेस)

कॉफी हवी तर समोरच्या चकचकीत दुकानात नको,
दोन चौक पुढे नेलिदाकडे जा.
करपलेली असते, खोटं कशाला सांगू,
पण ती कप असा आदळते तुमच्यापुढे
की त्या आवाजानेच झोप उडते.

पिझ्झा चाकारितात, उभ्यानेच खायचा.
कांदा सढळ, चीज त्याहून सढळ.
खुर्ची मागितलीत की परके ठरलात.

बार? ओस्बाल्दोचा.
वर्मुथ ओतताना माप बघत नाही गडी.
फक्त फुटबॉलचा विषय काढू नका,
त्याचा संघ यंदा खालच्या गटात गेलाय.

आणि जेवायचंच म्हणाल
तर बोएदोत, निळ्या शटरची जागा.
मेन्यू नाही. मसुरीचा रस्सा मागा.
मी? छे, अकरा वर्षांत फिरकलो नाही तिकडे.
भाऊ आहे माझा. आईच्या घराची वाटणी...
जाऊ द्या ते.
आल्यावर एवढंच सांगा, मीठ कसं होतं.

परवा एक बाई किल्ली घेताना म्हणाली,
अळणी होता हो रस्सा.
आतून एक माणूस आला, हात पुशीत,
विचारलं, उतरलात कुठे?
हॉटेलचं नाव ऐकलं आणि पैसे घेईना.
म्हणाला, त्याला सांगा,
डॉक्टरांनी मीठ तोडलंय माझं.

आणा तो नकाशा, खूण करून देतो.
सोमवारी मात्र बंद असतं.
माझी सुट्टीही नेमकी
सोमवारचीच.