पातळ

वडगावात माग सुरू व्हायच्या आधी
लसणाच्या दोन कच्च्या पाकळ्या, कोमट पाण्याबरोबर.
बायको खिडकी उघडते, बोलत नाही.

छातीत जाळीचा तुकडा बसवल्यापासून
मी आतल्या धाग्यांवर लक्ष ठेवून आहे.

काल भरमाच्या दुकानात हनुवटीला वस्तरा लागला.
तुरटी फिरवली, कापूस दाबला,
रक्त थांबेना.
भरमा म्हणाला, "नळ उघडा राहिलाय की ओ तुमचा!"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी वाचली, मग विचारलं,
"बळ्ळोळ्ळी तिंतीरेन्री?"
हौद्री, म्हटलं. कच्चीच. दररोज.
"गोळी रक्त पातळ करते, तीही करते.
किती करायचं?"

आज तिने आमटीच्या फोडणीत चार टाकल्या,
लालसर होईपर्यंत हलवत राहिली.
खिडकी बंदच.

मी माग लावला.
धोटा पळतोय.
धागा तुटला तर ऐकू येतं मला,
निदान बाहेरचा.