चर क्रमांक चार

अकोट्याच्या अंगाला, विश्वामित्रीच्या काठावर
आता बाग आहे.
बाकडी, घसरगुंडी, सकाळचा हसण्याचा वर्ग,
आणि मधोमध तारेच्या कुंपणात
गुडघाभर विटा.
दीड हजार वर्षं जुन्या, म्हणे.
म्हणे कशाला,
त्यांतल्या निम्म्या मीच मोजल्यात.

तेव्हा मी खात्यात नकाशे काढायचो.
खापरं धुवायची, वाळवायची,
पोटाशी शाईनं बारीक आकडा घालायचा:
चर चार, थर तीन, अमुक.
घोरपडेसाहेब छत्रीखाली.
एकदा खरीच घोरपड चरात उतरली
आणि कामावरच्या बाया पदर तोंडात धरून
'साहेब आले, साहेब आले' करत पांगल्या,
ते मी रोजवहीत लिहिलं नाही.

दुसरंही एक लिहिलं नाही.

वैशाखातली दुपार.
डोक्यावर टिटवी ओरडतेय, ओरडतेय.
कुणाचं लक्ष नाही, टिटवी ओरडणारच.
मी पुढचं खापर उचललं:
मातकट, काळे ठिपके, छान गोलाई,
मडक्याच्या खांद्याचा तुकडा, मनात नोंदसुद्धा झाली.
टाक बुडवला
आणि हाताला ऊब लागली.

खापरंही तापतात उन्हात.
पण ती ऊब बाहेरून आत गेलेली असते.
ही आतून येत होती.

चार होती. परत ठेवलं,
टोक आतल्या बाजूला,
बाकीच्या तिघांचं होतं तसं.
साहेबांना जाऊन सांगितलं, चौथ्या चरात पाणी लागलंय.
वैशाखात!
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं,
मग वर, टिटवीकडे.
म्हणाले, 'लागलं असेल. पाचवा घ्या.'

पुढं पाऊस आला, पैसे संपले, साहेबांची बदली झाली.
अहवालात त्या पानावर अजून कोरा चौकोन आहे.
पीएचडीची पोरं फोन करतात:
काका, इथं काय सापडलं होतं?

गेल्या भाद्रपदात पूर चढला, उतरला.
छनाभाई चौकीदार घरी बोलवायला आला,
'चालो दादा, महेमान जोवा.'

तार वाहून गेलेली.
विटांच्या ओट्यावर, बरोबर तिथंच,
मगर. आठ-नऊ फूट.
जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली,
पाठीवरचे उंचवटे ओळीनं, मोजावेत असे.
शेपटीखाली आमची पाटी,
'स्मारका'तला अर्धा स चिखलात गेलेला.
खालची ओळ मात्र स्वच्छ:
हात लावू नये.

वनखात्याची गाडी निघाली होती म्हणे, कालपासून.
आम्ही लांब उभे.
छनाभाईच्या ओठात न पेटवलेली बिडी.
माझा हात सवयीनं खिशाकडे गेला,
टाक काढायला.
आकडा कुठे घालणार होतो, देव जाणे.

ती हलली नाही.
वर कुठेतरी टिटवी.