कोरा रकाना

पत्र्याच्या सावलीत सभा भरली,
म्हणजे आधी कुत्री आली, मग माणसं.
विषय एकच, बोअरचा पंप.

विमानातून उतरलेला तरुण म्हणाला,
जुन्या खजिनदाराचं नाव लिहा,
मग पैसे सुटतील.

कुणी बोललं नाही.
मेव्हिस काडीनं तांबड्या मातीत रेघ ओढत राहिली.
ते नाव गेल्या थंडीत पुरलंय.
त्याच नावाचा एक पोरगा आहे इथं,
तेव्हापासून त्यालाही
नुसतं 'कुमन्जाय' म्हणतात.

डेस्मंडनं फॉर्म उलटा केला,
पाठीवर टाकी काढली, पाइप,
गळतं तिथं फुली.
खाली सह्या. मेव्हिसचा अंगठा, मातीचाच.

"पण रकाना?"
"चहा घे. ऊन कलू दे."

तिसऱ्या कपानंतर त्यानं पेन खिशात ठेवलं,
विचारलं, पंप कुठाय?