दोन बोटं कमी

आधी खाली उतर, बेल्शियोर.
पोटाचा पट्टा किती आवळलायस ते बघ.
जेवणानंतर तुझा कमरपट्टा कुणी असा ओढला
तर तूही कान मागे पाडशील.
एक भोक सैल कर. दहा मिनिटं चालव.

हो, दहा. घड्याळ लावून.
लगाम सोडून दे, मान त्याची त्याच्याकडे.
सकाळचा घोडा म्हाताऱ्या माणसासारखा,
आधी सांधे उठतात, मग तो उठतो.
झिंब्रू रात्रभर मागचा उजवा पाय सैल सोडून उभा होता.
मला माहीत आहे, मीही जागी होते.

आता चढ. बस. नुसता बस.
हात कुठे ठेवू, टाच कुठे ठेवू, सगळे विचारतात;
बुड कुठे ठेवू, हे कुणी विचारत नाही.
डावं हाड खोगिरात आहे, उजवं कुठे फिरायला गेलंय?
म्हणून तो वर्तुळात आत कलतो
आणि तू त्याला नाठाळ म्हणतोस.
घोडं कुठे पेंड खातंय हे शोधायचं असेल
तर आधी स्वाराच्या कमरेत शोध.

वळण यायच्या आधी श्वास सोड.
पाठ ताठ, मूठ मिट,
स्पंजातला शेवटचा थेंब निघावा इतकीच,
आणि लगेच उघड.
उघड!
मिटायला सगळे शिकतात.

दात वाजवतोय? ऐकू येतंय मला इथवर.
तोंडाचा पट्टा घट्ट करू नकोस,
ते रडत्या पोराच्या तोंडावर हात दाबणं झालं.
सोमवारी दाताच्या डॉक्टरला फोन कर,
तोवर स्वतःचं मनगट तपास.

आणि ती लांब दोरी, जमिनीवरून फिरवताना,
हाताला गुंडाळायची नाही. कधीच नाही.
चादरीसारखी घडी घालून तळव्यावर ठेवायची.
ही दोन बोटं मी एकोणिसाव्या वर्षी दिली.
तीन वर्षांची घोडी, रस्त्यावर अचानक ट्रॅक्टर.
तिचा काय दोष? वेटोळं मी घातलं होतं.
मग लोक लिस्बनहून यायला लागले,
म्हणे, एतेलविनाबाईंचा हात किती हलका!
हलका कसला. घट्ट धरायला बोटंच नाहीत.
पण घोडे फसले नाहीत, बरं का.
ते खरंच माझ्याकडे मान लांबवत आले,
आणि मला पहिल्यांदा कळलं
की दहा बोटांनी मी आजवर काय करत होते.

जत्रा नोव्हेंबरात आहे, माहीत आहे.
तुला तोवर जागेवरची दुडकी हवी आहे, ढोल वाजल्यासारखी.
कुंपणापलीकडची बुचाची झाडं बघ.
साल काढलेल्या खोडावर पांढरा आकडा रंगवलाय,
कोणत्या वर्षी सोलली ते.
त्या आकड्यानंतर नऊ वर्षं
तिथे कुणी कुऱ्हाड घेऊन जात नाही,
मालकाच्या मुलीचं लग्न असलं तरी.

चल. लांब बाजूवर खांदा आत.
आतला पाय विचारू दे, बाहेरच्या लगामानं उत्तर झेल.
अख्खी बाजू नको. चार पावलं.
अरे, तीनसुद्धा…

थांब.
नाकातून फुर्र केलं, ऐकलंस?
शेपूट बघ, घंटेच्या दोरीसारखी डुलतेय.
पाठ उघडली त्याची.

आणखी एकदा? नाही.
आणखी एकदा म्हणूनच बिघडलेत
मला आठवतात तेवढे सगळे घोडे,
त्यातले दोन माझे.
लगाम सोड. उतर.
खोगीर काढ, घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा आहे का
ते सांग. मला इथून नीट दिसत नाही हल्ली.

सारखा नाही?
कुठे कोरडं आहे?
हात ठेव तिथे. दाबू नकोस.
नुसता ठेव.